पाव वळसा

मंगळवारी पार्सल आलं.
आत फूटभर पोलादी दांडा, चौकोनी,
त्याच्या टोकाला करड्या रंगाची टिकली,
करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी,
मधोमध स्क्रू.
मूठ मीच कातलेली, गेल्या हिवाळ्यात,
ॲशच्या लाकडाची, हाताला जरा जाडच.

टंगस्टन कार्बाइड.
ह्याची माझी ओळख जुनी.
टॉडमर्डनच्या कालव्याकाठी, चपलांच्या दुकानावरच्या दवाखान्यात
एकतीस वर्षं मी हाच धातू
लोकांच्या दाढांमध्ये फिरवला.
कणीएवढं त्याचं डोकं,
आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली
गिरणीतली दांडगी माणसं,
डोळे छताकडे.

आता गॅरेजमध्ये तोंडापुढे ढाल लावून मी उभी.
लेथवर सिकमोरचा ओंडका,
ॲक्रॉइडच्या बागेत फेब्रुवारीच्या वादळानं पाडलेला,
सालीसकट, एका अंगानं सुजलेला.
ॲक्रॉइड स्वतः दारात, दुधाच्या क्रेटवर.
हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो.

लाकूड कातायला मला त्यानंच शिकवलं.
'कातणं' हा शब्द मी त्याला शिकवला:
सूतही कातायचं, लाकूडही.
सूतगिरणीतल्या बाईचा मुलगा, त्याला लगेच पटलं.
हे हत्यार मात्र पटत नाही.
"धार लावायला नको, पाठ टेकवायला नको,
कोन सांभाळायला नको.
मग माणसानं करायचं काय?"

बटण दाबलं.
ओंडक्याची धूसर सावली झाली,
मधे गडद, कडेला जवळजवळ नाहीच.
दांडा आडवा, टेकणीवर सपाट,
हळूच पुढे.
ठक ठक ठक ठक
रात्री दारावर कुणी तातडीनं यावं तसं.
माझ्याच दातांत कळ गेली.
सालीचे तुकडे डोक्यावरून, खांद्यावरून,
एक सरळ ॲक्रॉइडच्या चहात.
ओंडक्यानं कात टाकली.

आणि तेव्हा कळलं,
दवाखान्यात हत्यार फिरायचं, दात जागच्या जागी.
इथं फिरायचं ते लाकूड फिरतंय,
जागच्या जागी राहायचंय मला.
याची सवय नाही.
आमच्या घरी 'एका जागी बस'
हे शिक्षा म्हणून सांगत.

ठकठक विरली. घरघर.
मग नुसती सळसळ.
थांबवून पाहिलं तर गोल,
पण दोन ठिकाणी रेशे उपटलेले,
दातांनी सोललेल्या उसासारखे.
ॲक्रॉइडनं अंगठा फिरवला,
नेमका तिथंच थांबवला.
"कापत नाही हे. खरवडतं."

खरं होतं.
आमच्याकडे पातेल्यातल्या खरवडीवरून भांडणं होतात,
पण ते इंग्रजीत कसं सांगायचं?
म्हणून म्हटलं,
"तुमची खालची डावी, मागून दुसरी.
चौऱ्याण्णव साली कशानं कोरली होती, सांगू?"

तो गप्प.
गाल आतून हलला.
जीभ तिथवर जाऊन आली.

कप खाली ठेवून उठला. हात पुढे केला.
गोल पटाशी त्यानं दोन वर्षांत धरलेली नाही;
कोन केसभर चुकला की ती दाणकन अडकते,
आणि त्याला ते माहीत आहे.
मी मूठ दिली. बाजूला झाले.
दांडा सपाट.
हातांची थरथर टेकणीत उतरली.
टेकणी बिडाची, ती कशाला हलतेय.

भुसा त्याच्या बाह्यांत भरला, भुवयांवर बसला.
ओंडका बारीक होत गेला,
हवा होता त्याहून बारीक.
वाडगा करायचा होता मला.
आता फार तर मिठाचं भांडं होईल.
बोलले नाही.

"धार बदल," तो म्हणाला, मशीन चालूच.
पहिली बोथट झाली नव्हती.
मी बटण बंद केलं,
स्क्रू सैल केला,
टिकली पाव वळसा फिरवली,
पुन्हा आवळली.